विश्लेषण : पाटी क्लिनिकची, परवाना माणसाचा! तुमच्या डेंटिस्टची नोंदणी कशी होते आणि बिघडले तर दाद कुठे मागायची?

घाटकोपर पूर्वेचा एम. जी. रोड, मुलुंड पश्चिमेचा पाच रस्ता, बोरिवलीचा एल. टी. रोड किंवा अंधेरीचा जे. पी. रोड. यांपैकी कुठल्याही रस्त्याने दहा मिनिटे चाला, दाताच्या दवाखान्यांच्या दोन-चार पाट्या सहज दिसतील. कुठे डॉक्टरांचे नाव ठळक असते, कुठे नुसते क्लिनिकचे ब्रँडनेम आणि हसरा चेहरा. आपण आत जातो, खुर्चीत आडवे होतो आणि तोंड उघडतो. समोरच्या व्यक्तीकडे हे काम करण्याचा परवाना आहे का, हे विचारण्याचा प्रश्नच बहुतेकांच्या मनात येत नाही.

माझ्याही आला नव्हता. गेल्या वर्षी मुलुंडमध्ये आईच्या दाढेचे रूट कॅनल झाले, वर कॅप बसली. पाच महिन्यांत ती कॅप निघाली. त्याच दवाखान्यात गेलो तर आत दुसरेच डॉक्टर. आधीचे डॉक्टर ‘आता इथे येत नाहीत’ एवढेच कळले. पावतीवर दवाखान्याचे नाव होते, लोगो होता, फोन नंबर होता. नव्हते ते डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक. आईच्या तोंडात हात घालणारी व्यक्ती कोण होती, हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

तक्रार करायची की नाही हा पुढचा प्रश्न. पण कोणाविरुद्ध आणि कुठे? त्यासाठी महाराष्ट्रात डेंटिस्टना परवाना कोण देते, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवते आणि रुग्णाच्या हातात नेमके काय असते, हे समजून घ्यावे लागते.

डेंटिस्टला परवाना कोण देते?

महाराष्ट्र राज्य दंत परिषद. ही राज्याच्या पातळीवरची वैधानिक संस्था आहे. संसदेने केलेल्या ‘दंतवैद्य कायदा, १९४८’ या कायद्यानुसार प्रत्येक राज्यात अशी परिषद स्थापन करण्याची तरतूद झाली. देशपातळीवर भारतीय दंत परिषद आणि राज्यात राज्य परिषद, अशी ही दोन मजली रचना आहे.

दोघींचे काम वेगळे आहे. कॉलेजांना मान्यता, अभ्यासक्रम, परीक्षेचा दर्जा आणि आचारसंहिता हे देशपातळीवर ठरते. प्रत्यक्ष नोंदवही ठेवणे, नोंदणी प्रमाणपत्र देणे, नूतनीकरण करणे, तक्रार ऐकणे आणि गरज पडल्यास नाव काढून टाकणे हे राज्य परिषदेचे काम. म्हणजे बोरिवलीच्या डेंटिस्टबद्दल तक्रार असेल तर दिल्लीला पत्र लिहिण्याची गरज नाही. तुमचा पहिला पत्ता मुंबईतलाच.

ही नोंदवही म्हणजे एक प्रकारे सातबारा. जमीन कोणाची हे गावात सगळ्यांना माहीत असले तरी कागदावर नाव लागते तेव्हाच ते खरे. तसेच इथे. पदवी हातात असली तरी नोंदवहीत नाव लागेपर्यंत प्रॅक्टिस करता येत नाही.

मी इंजिनीअरिंग केले. पदवी मिळाल्यावर नोकरीसाठी मला कुठल्याही परिषदेत नाव नोंदवावे लागले नाही. बीडीएस झालेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला मात्र पदवी, इंटर्नशिप आणि नोंदणी अशा तिन्ही पायऱ्या चढाव्या लागल्या. फरक उघड आहे. माझ्या चुकीमुळे एखादे अ‍ॅप बंद पडेल. तिच्या चुकीमुळे एखाद्याचा जबडा सुजेल.

१९४८ पूर्वी काय होते?

देशातले पहिले डेंटल कॉलेज १९२० मध्ये कोलकात्यात डॉ. आर. अहमद यांनी सुरू केले. बंगाल प्रांताने १९३९ मध्ये स्वतःचा दंतवैद्य कायदा केला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे. पण देशभर एकच कायदा नव्हता. शिकलेले डेंटिस्ट मोजके आणि अनुभवावर दात काढणारे, कवळ्या बसवणारे बरेच, असे चित्र होते.

कायदा आला तेव्हा या अनुभवी लोकांचे काय करायचे हा पेच होता. एका फटक्यात सगळ्यांना बेकायदा ठरवले असते तर त्यांची रोजीरोटी गेली असती आणि रुग्णांनाही कोणी उरले नसते. म्हणून नोंदवहीचे दोन भाग केले गेले. मान्यताप्राप्त पदवी असलेले ‘भाग ए’ मध्ये. पदवी नसली तरी दंतवैद्यक हेच उपजीविकेचे मुख्य साधन असलेले आणि ठरावीक वर्षे व्यवसाय केलेले लोक ‘भाग बी’ मध्ये.

महाराष्ट्रातल्या डेंटिस्टच्या नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीला ‘ए’ हे अक्षर दिसते, ते याच इतिहासातून आलेले आहे. ‘भाग बी’ ही त्या संक्रमणकाळाची सोय होती. आज कोणी ‘वडिलांच्या हाताखाली शिकलो, वीस वर्षे दात काढतोय’ असे सांगत असेल, तर ती सोय त्याच्यासाठी नाही.

आज नोंदणी कोणाला मिळते?

नीट परीक्षेतून प्रवेश, चार वर्षांचा बीडीएस अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप. महाराष्ट्रातली बहुतेक दंत महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही अभिमत विद्यापीठांची आहेत. पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे कागद घेऊन उमेदवार राज्य परिषदेकडे अर्ज करतो. रजिस्ट्रार कागदपत्रे तपासतात आणि नाव नोंदवहीत चढते.

त्यापुढे तीन वर्षांचा एमडीएस केला की ती अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवता येते. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट वेगळे, रूट कॅनलवाले एंडोडॉन्टिस्ट वेगळे, हिरड्यांचे पेरिओडॉन्टिस्ट वेगळे, लहान मुलांचे पेडोडॉन्टिस्ट वेगळे. रूट कॅनल साध्या बीडीएसनेही करता येते, ते बेकायदा नाही. पण पाटीवर ‘स्पेशालिस्ट’ लिहिले असेल तर ते कशाच्या आधारावर, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

दुसऱ्या राज्यात नोंदणी असलेला डेंटिस्ट मुंबईत कायमचा आला तर त्याला नोंदणी इकडे हस्तांतरित करून घेता येते. तशी तरतूद कायद्यातच आहे. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांसाठी वेगळी चाळणी परीक्षा आहे.

नोंदणी एकदा झाली की संपले असेही नाही. नाव नोंदवहीत टिकवण्यासाठी नूतनीकरण शुल्क भरावे लागते. ते न भरल्यास नाव वगळले जाऊ शकते. शुल्क भरून ते परत लावताही येते. त्यामुळे भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहताना फ्रेमच्या चकाकीपेक्षा त्यावरची मुदत पाहणे महत्त्वाचे.

दात साफ करणे, कवळी बसवणे हे कोणीही करू शकते का?

नाही. हा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. कायद्यात दंतवैद्यकाची व्याख्या बरीच रुंद आहे. दात आणि जबड्यावरची शस्त्रक्रिया, आजारावरचे उपचार, त्यासाठीचे एक्स-रे, भूल देणे, कृत्रिम दात आणि कवळी तयार करणे, इतकेच काय तर कवळी बसवण्यासाठी माप घेणे किंवा सल्ला देणे हेही त्यात येते.

डेंटिस्टशिवाय आणखी दोन प्रकारच्या व्यक्तींची नोंद या कायद्यात आहे. दात स्वच्छ करणारे, पॉलिश करणारे डेंटल हायजिनिस्ट. आणि लॅबमध्ये कवळ्या, कॅप, इतर साधने बनवणारे किंवा दुरुस्त करणारे डेंटल मेकॅनिक. यांच्याही वेगळ्या नोंदवह्या असतात. म्हणजे दवाखान्यातला मदतनीस साहित्य हातात देऊ शकतो, खुर्ची वर-खाली करू शकतो, अपॉइंटमेंट देऊ शकतो. पण ‘डॉक्टर येईपर्यंत मी क्लीनिंग करून देतो’ असे तो म्हणाला, तर तो हायजिनिस्ट म्हणून नोंदणीकृत आहे का, हे विचारायलाच हवे.

कायद्यात काही सूटही आहेत. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना यातून सवलत आहे. आणखी एक सूट वाचून हसू येते, पण ती त्या काळाचा विचार सांगते. दात काढण्याची निकड असेल आणि जवळ नोंदणीकृत डेंटिस्ट उपलब्ध नसेल, तर कोणीही दात काढू शकतो. अट एकच, भूल द्यायची नाही! १९४८ मधल्या खेड्यासाठी ही तरतूद समजू शकते. अंधेरी स्टेशनबाहेर मात्र ती कोणाच्या कामी येणार नाही.

दवाखान्याला स्वतंत्र परवाना लागतो का?

सगळा गोंधळ इथेच होतो. दंतवैद्य कायदा माणसाला परवाना देतो, दुकानाला नाही.

खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी राज्यात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. पण ज्या डेंटल क्लिनिकमध्ये रुग्ण दाखल होत नाहीत, ते त्याच्या कक्षेत येत नाही. केंद्राने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला, त्यात छोट्या दवाखान्यांचीही नोंदणी अपेक्षित होती. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. त्यामुळे चार खुर्च्यांच्या डेंटल क्लिनिकच्या दर्जासाठी ‘क्लिनिकचे लायसन्स’ असा एकच कागद दाखवता येत नाही.

याचा अर्थ दवाखान्यावर कसलेच बंधन नाही असा नाही. बंधने आहेत, पण ती वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेली आहेत.

एक्स-रे मशीन असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. दाताचा छोटा एक्स-रे असो, संपूर्ण जबड्याचा ओपीजी असो की थ्रीडी स्कॅन. या मंडळाचे मुख्यालय घाटकोपरहून फार लांब नाही, अणुशक्तीनगरमध्ये आहे.

रक्त लागलेला कापूस, सुया, काढलेले दात हा जैववैद्यकीय कचरा. त्यासाठी २०१६ चे नियम आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. हा कचरा सोसायटीच्या डब्यात टाकता येत नाही. त्याच्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची व्यवस्था असते.

इम्प्लांट हे वैद्यकीय उपकरण आहे. त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. म्हणूनच इम्प्लांट बसवल्यावर त्याच्या पाकिटावरचे कंपनी आणि बॅच नंबरचे स्टिकर मागून घ्यावे. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर नव्या डॉक्टरला तेच उपयोगी पडते.

मग ब्रँडेड क्लिनिकच्या साखळ्यांचे काय?

१९४८ च्या कायद्यातले ५१ वे कलम कंपन्यांबद्दल आहे. कंपनीने दंतवैद्यकाचा व्यवसाय करू नये, असा मूळ नियम. मात्र कंपनी फक्त हाच व्यवसाय करत असेल, तिचे बहुसंख्य संचालक आणि प्रत्यक्ष उपचार करणारे सर्वजण नोंदणीकृत डेंटिस्ट असतील, तर मुभा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि नफ्यासाठी नव्हे तर आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सोय करणारे मालक यांनाही सूट आहे.

कायदा करणाऱ्यांची भीती स्पष्ट होती. उपचाराचा निर्णय दातांकडे पाहून व्हावा, महिन्याच्या टार्गेटकडे पाहून नाही. आज उपनगरांत एकाच क्लिनिकमध्ये सोमवारी एक डॉक्टर, गुरुवारी दुसरे आणि इम्प्लांटसाठी बाहेरून येणारे तिसरे, ही पद्धत सर्रास दिसते. त्यात बेकायदा काही नाही. पण अशा ठिकाणी जबाबदार व्यक्ती कोण, हे कागदावर असणे अधिकच गरजेचे होते. आईच्या पावतीवर नेमके तेच नव्हते.

रुग्णाला कोणते कागद मिळायला हवेत?

भारतीय दंत परिषदेने २०१४ मध्ये सुधारित आचारसंहिता लागू केली. आधीची १९७६ ची होती. नव्या संहितेतल्या काही गोष्टी प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

डेंटिस्टने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आहे. तोच क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर, प्रमाणपत्रावर आणि पैसे घेतल्याच्या पावतीवरही असायला हवा.

रुग्णाच्या उपचारांची नोंद किमान तीन वर्षे जपून ठेवायची आहे. रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे द्यायची आहेत. एक्स-रे तुमच्या दाताचा आहे, तुम्ही त्याचे पैसे मोजलेत, तेव्हा त्याची प्रत मागण्यात संकोच नको.

शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्यायची आहे. लहान मुलांसाठी पालकांची. ही सही करताना वर काय लिहिले आहे ते वाचा. कोऱ्या फॉर्मवर सही नको.

रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणे-घेणे, ज्याला आपण ‘कट’ म्हणतो, त्यालाही मनाई आहे.

‘इम्प्लांटवर ५० टक्के सूट’ ही जाहिरात चालते का?

आचारसंहितेनुसार जाहिरात करून रुग्ण ओढणे हे अनैतिक वर्तन आहे. नवीन दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बंद राहणार किंवा पुन्हा सुरू झाला, अशा गोष्टी जाहीर करता येतात. ‘फक्त या आठवड्यात’, ‘एकावर एक’, ‘आधी-नंतरचे फोटो पाहा’ हा सूर त्यात बसत नाही.

प्रत्यक्षात काय दिसते ते आपल्या मोबाइलवर रोज पाहतोच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोफत तपासणी शिबिराचा मेसेज येतो आणि शिबिरात तपासलेल्या प्रत्येकाला दोन कॅप आणि एक रूट कॅनल निघते! प्रत्येक शिबिर वाईट नसते. पण तपासणी आणि लगेच पैसे भरण्याचा आग्रह एकत्र आले, तर थांबावे.

दर किती असावा, हे परिषद ठरवत नाही. अंधेरीत एक आणि मुलुंडमध्ये दुसरा दर असणे हा नियमभंग नाही. म्हणून खर्चाचा अंदाज उपचारांआधी लेखी घेणे, एवढाच उपाय आपल्या हातात आहे. खर्च मोठा असेल तर दुसरे मत घ्यावे. पश्चिम रेल्वेवरून मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आणि मध्य रेल्वेवरून सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय, ही दोन सार्वजनिक ठिकाणे उपनगरवासीयांना लोकलच्या एका प्रवासावर आहेत. रांग असते, पण तिथे तुम्हाला कोणी पॅकेज विकत नाही.

चूक झाली तर परिषद काय करू शकते?

तुम्ही राज्य परिषदेकडे लेखी तक्रार करू शकता. डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, तारखा, काय झाले याचा क्रम, सोबत पावत्या, प्रिस्क्रिप्शन, एक्स-रे. परिषद संबंधित डेंटिस्टला बाजू मांडण्याची संधी देते. ती दिल्याशिवाय नाव काढता येत नाही.

खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल, गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, व्यवसायाला काळिमा फासणारे वर्तन केले असेल किंवा आचारसंहिता मोडली असेल, तर परिषद नोंदवहीतून नाव काढू शकते. काही काळासाठी किंवा कायमचे. त्या आदेशाविरुद्ध डेंटिस्टला ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. परिषद तुम्हाला नुकसानभरपाई देत नाही. पैसे परत मिळवून देणे हे तिचे काम नाही. ती फक्त एकच प्रश्न तपासते, ‘या व्यक्तीचे नाव नोंदवहीत राहावे का?’ अनेकजण ‘माझे चाळीस हजार परत द्या’ अशी मागणी घेऊन परिषदेकडे जातात आणि निराश होतात. दार चुकलेले असते.

पैसे परत हवे असतील तर?

त्यासाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखाली ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केले. दाताचे उपचारही त्यातच येतात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सगळा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो आणि या जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे.

मात्र कॅप निघाली म्हणजे आपोआप निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. उपचार अपयशी होणे आणि उपचारात हलगर्जी होणे यात फरक आहे. तो दाखवण्यासाठी दुसऱ्या डेंटिस्टचे लेखी मत आणि मूळ कागद लागतात. म्हणून पुन्हा तेच, पावती आणि एक्स-रे.

डॉक्टरच बोगस निघाला तर?

नोंदणी नसताना प्रॅक्टिस करणे हा गुन्हा आहे. शिक्षा किती? १९४८ च्या कायद्यानुसार पहिल्यांदा दोषी ठरल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीकृत असल्याची खोटी बतावणी करणाऱ्यालाही अशीच शिक्षा.

त्या काळी ५०० रुपये ही मोठी रक्कम होती. आज उपनगरात एकदा दात साफ करायला याहून जास्त लागतात. शिवाय या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेते, जेव्हा राज्य सरकार किंवा राज्य परिषदेच्या आदेशाने तक्रार होते. म्हणजे रुग्णाने थेट कोर्टात जाऊन हे कलम लावता येत नाही. त्याने परिषदेला कळवायचे असते. फसवणूक झाली असेल तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेखाली तक्रार करण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो खुला आहे.

परिषदेवर बसते कोण?

१९४८ च्या रचनेत नोंदवहीच्या दोन्ही भागांतून डेंटिस्टनी निवडून दिलेले प्रतिनिधी, दंत महाविद्यालयांचे प्रमुख, वैद्यकीय परिषदेचा एक प्रतिनिधी आणि राज्य सरकारचे तीन नियुक्त सदस्य असतात. रुग्णांच्या प्रतिनिधीसाठी राखीव जागा नाही. डेंटिस्टची चौकशी मुख्यतः डेंटिस्टच करतात.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे स्वतःचे डेंटल बोर्ड असते. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या बोर्डाने मॉलमधल्या दात पांढरे करून देणाऱ्या स्टॉलना काम थांबवण्याची पत्रे पाठवली. बोर्डावर बहुतांश व्यवसाय करणारे डेंटिस्टच होते आणि तीच सेवा ते स्वतःही देत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटले, बाजारात उतरलेल्या लोकांच्या हाती बोर्डाचे नियंत्रण असेल, तर राज्य सरकारची प्रत्यक्ष देखरेख असल्याशिवाय त्याला स्पर्धा कायद्यापासून संरक्षण मिळणार नाही.

डेंटिस्टचे काम डेंटिस्टलाच कळते, हे खरे. रुग्णाचे दुखणे रुग्णालाच कळते, हेही तितकेच खरे. दोन्ही आवाज एकाच टेबलावर कसे आणायचे, हा जगभरच्या परिषदांपुढचा प्रश्न आहे.

नव्या कायद्यात काय आहे?

राष्ट्रीय दंत आयोग विधेयक २८ जुलै २०२३ रोजी लोकसभेत आणि ८ ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेत मंजूर झाले. ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी हा कायदा आहे. भारतीय दंत परिषदेऐवजी राष्ट्रीय दंत आयोग आणि त्याखाली तीन स्वायत्त मंडळे, अशी त्याची रचना आहे. एक मंडळ शिक्षणासाठी, एक कॉलेजांच्या मूल्यमापनासाठी आणि एक आचारसंहिता व नोंदणीसाठी.

रुग्णाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, डेंटिस्ट आणि दंत सहायक व्यावसायिक यांची राष्ट्रीय नोंदवही. दोन, बीडीएसनंतर परवान्यासाठी देशभर एकच एक्झिट परीक्षा. राज्य परिषदा मात्र राहणारच आहेत; तक्रारीचे पहिले दार राज्यातच असेल.

कायदा मंजूर झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी जुना कायदा गेला, असे होत नाही. केंद्राने अधिसूचना काढायची, आयोग नेमायचा, नियम करायचे आणि मग जुनी व्यवस्था बाजूला होते. वर सांगितलेली कलमे आणि दंड १९४८ च्या कायद्यातले आहेत.

खुर्चीत बसण्याआधी काय तपासावे?

– भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा. नाव, क्रमांक, मुदत.

– आज उपचार करणारे डॉक्टर तेच आहेत का, विचारा. नसतील तर त्यांचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या.

– राज्य परिषदेकडे किंवा भारतीय दंतवैद्य नोंदवहीत नाव पडताळून पाहा.

– खर्चाचा अंदाज आणि उपचारांचा आराखडा लेखी मागा.

– पावतीवर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवाच. एक्स-रेची प्रत मोबाइलमध्ये जपा.

– परवाना आणि वर्तनाबद्दल तक्रार परिषदेकडे, पैशांबद्दल ग्राहक आयोगाकडे, फसवणुकीबद्दल पोलिसांकडे.

आईच्या बाबतीत शेवटी तक्रारीपर्यंत गेलो नाही. आधीच्या डॉक्टरांचे नाव लेखी मागितल्यावर दवाखान्याने ते दिले, एक्स-रेही दिला आणि कॅप पैसे न घेता पुन्हा बसवून दिली. या वेळच्या पावतीवर क्रमांक होता. आईने तो कागद रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवला आहे. तिच्या दृष्टीने आता तोही सरकारी कागद आहे आणि ते चुकीचे नाही.